बुटांची दोरी

"झेंड्यांकडं नको बघू," रंजनाताई म्हणाली.

असं कुणी सांगितलं की माणूस आधी तेच बघतो. मी बघितले. तलावाच्या काठावर ओळीने लावलेले सगळ्या देशांचे झेंडे इस्त्री केल्यासारखे ताठ उभे होते आणि त्यांच्या दोऱ्या लोखंडी खांबांवर टणाटण आपटत होत्या. पाणी करडं झालं होतं. वाऱ्यामुळे आमची शर्यत पुढे ढकलली होती आणि मी मनातल्या मनात आमच्या गावच्या मारुतीला सांगत होते, बाबा रे, पुढे नको ढकलू, रद्दच करून टाक. जन्मभर शनिवारी तेल घालीन.

या गोष्टीला आता वीस वर्षं होतील. जागा कोरियातली, एका थंडगार तलावाच्या काठची. मी मोनाली काकड, नाशिकजवळच्या मखमलाबादची, तेव्हा बाविशीची. रंजनाताई थेटे माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, नाशकात पोलिसात शिपाई, आणि पाच वर्षांच्या पोरीची आई. आम्ही दोघी मिळून एक बोट वल्हवायचो. दोघींची अरुंद बोट, प्रत्येकीच्या हातात दोन वल्ही, अंगात देशाचं नाव लिहिलेला पोशाख. त्या दिवशी अंतिम शर्यत होती. बोटी सहा, आणि पहिल्या तीन बोटींना जागतिक स्पर्धेचं तिकीट. रंजनाताई याआधी दोनदा चौथी आलेली होती, दोन्ही वेळा वेगळ्या जोडीदारणीबरोबर. आता पुन्हा सुट्टी मागितली तर साहेब काय म्हणतील ते तिला पाठ होतं, आणि सासू काय म्हणेल तेही.

"मोने, खाल्लं का काही?"

"खाल्लं."

"खोटं नको बोलू. डब्यातल्या दशम्या तशाच आहे."

 जीभ टाळूला चिकटली होती. दशमी आत ढकलायची तर पहारच लागली असती.

आमच्या खेळाबद्दल एक गोष्ट सांगितली की लोक हसतात. आम्ही जिकडे जायचं तिकडे पाठ करून बसतो. शेवटची रेषा मागे असते आणि तोंड सुरुवातीकडे. त्यातही मी बोटीच्या टोकाला, आणि रंजनाताई माझ्यासमोर, माझ्याकडे पाठ करून. त्यामुळे तीन वर्षं मी जगात सर्वांत जास्त काय बघितलं असेल तर तिची पाठ. ती पाठ मला वाचता यायची. पोरीला ताप असला की तिचा उजवा खांदा जरा वर राहायचा. घरी भांडण होऊन आली असली की मान ताठ. तिच्या नवऱ्याला तिच्याबद्दल माहीत नसेल ते मला तिच्या बनियनच्या घामावरून कळायचं.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे बूट. ते आमच्या पायात नसतात, बोटीत असतात, पक्के बसवलेले. आपण बोटीत बसायचं, पाय त्या बुटांत घालायचे आणि वरून चिकटपट्ट्या आवळायच्या. म्हणजे माणूस बोटीला बांधला जातो. बोट उलटली तर काय, हा प्रश्न कुणालाही पडेल. त्यासाठी दोन्ही पट्ट्यांमधून मिळून एक बारीक दोरी ओवलेली असते. ती हिसकली की दोन्ही पट्ट्या एकदम सुटतात आणि पाय मोकळे होतात. रंजनाताईने तर तिच्या दोरीच्या टोकाला एक लाल मणी बांधला होता. तिच्या चिऊच्या तुटलेल्या ब्रेसलेटमधला. पाण्याखाली डोळ्यांना दिसत नाही, पण बोटांना मणी सापडतो, असं ती म्हणायची. चिऊला मात्र तिने सांगितलं होतं की तुझा मणी आईबरोबर विमानात बसतो.

त्या वर्षीच्या जानेवारीत, शर्यतीच्या तीन महिने आधी, गंगापूर धरणावर आमची बोट उलटली. पुण्याचा सराव संपवून आम्ही नाशकात परतलो होतो, बोटी ट्रकमधून आदल्याच दिवशी आलेल्या, आणि सकाळी धुक्यात आम्ही पाण्यात उतरलो. माझं डावं वल्हं पाण्यात अडकलं. एरवी असं झालं तर बोट डचमळते आणि सावरते. त्या दिवशी नाही सावरली.

डोकं खाली, पाय वर बुटात. नाकातोंडात पाणी. आधी मी घाबरले नाही, कारण काय करायचं ते माहीत होतं. वाकायचं, हात वर न्यायचा, दोरी ओढायची. मी वाकले, हात नेला. दोरी नव्हती. चाचपलं, पुन्हा चाचपलं. पट्ट्या ओढायला गेले तर बोटांना टोक सापडेना. मग मात्र मी जी घाबरले ते शब्दांत नाही सांगता येत. पाण्यात ओरडलं की आवाज आपल्यालाच ऐकू येतो, तेवढं मला कळलं.

रंजनाताई सुटली होती. ती परत खाली आली आणि तिने माझ्या पट्ट्या ओरबाडून काढल्या. वर आल्यावर मी तिच्या गळ्याला अशी मिठी मारली की तिच्या मानेवर माझ्या नखांचे वळ आठवडाभर होते. आमचे धात्रक सर मोटारबोट घेऊन आले तेव्हा दोघी उलट्या बोटीला लटकून थरथरत होतो.

"दोरी कुठाय हिची?" सर ओरडले.

"तुटली असेल, सर. जुनी होती," रंजनाताई म्हणाली.

सरांनी नवी दोरी आणून घातली. क्लबातल्या सगळ्या बोटींच्या दोऱ्या बदलल्या. बदलली नाही ती फक्त माझी भीती. आंघोळीला डोळे मिटून डोक्यावर पाणी घेणं मला जमेना. पांघरूण पायात गुंडाळलं गेलं की मी उठून बसायची. आईला वाटलं, पोरीला कुणाची नजर लागली. तिने मीठमोहऱ्या ओवाळल्या, त्याने काय होणार!

मी वल्हवणं सोडलं नाही. सोडायला हवं होतं असं त्या दिवसांत रोज वाटायचं, पण सांगणार कुणाला आणि कसं? मी पोहणारी, धरणात म्हशींबरोबर वाढलेली, राष्ट्रीय पदक असलेली मुलगी. मी एक युक्ती काढली. पाय बुटात घालायचे आणि पट्ट्या नुसत्या टेकवून ठेवायच्या, आवळायच्या नाहीत. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही.

पण बोटीला कळतं. प्रत्येक ओढीच्या शेवटी अंग मागे रेललेलं असतं, तेव्हा पायांनी बोटीला धरून ठेवावं लागतं. पाय सैल असले की बोट उचकी दिल्यासारखी हलते. कोरियात पहिल्या दोन फेऱ्या आम्ही त्या उचक्यांसकट कशाबशा निभावल्या आणि अंतिम फेरीत आलो, सहाव्या क्रमांकाच्या वेळेने.

धात्रक सर कॉलर वर करून, वाऱ्याशी भांडत आमच्याकडे आले. माणूस मूळचा लष्करातला. हात नेहमी पाठीमागे.

"अर्ध्या तासात सोडणार म्हणतात. वारा जरा उतरलाय त्यांच्या मते." त्यांनी पाण्याकडे एक नजर टाकली. "त्यांच्या मते. बरं, एक सांगा मला. तुमची बोट काल शेवटच्या टप्प्यात उचक्या का देत होती?"

मी नकळत पाय मागे घेतले.

"माझा दम चुकत होता, सर," रंजनाताई म्हणाली. "परवापासून सर्दी आहे."

"तुझा?" सरांनी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. "आज चुकवू नका. या लाटांत सैल बोट टिकायची नाही. घट्ट असेल तीच सरळ जाईल." आणि ते गेले.

मी रंजनाताईकडे बघायचं टाळत वल्ह्यांची मूठ पुसत बसले. ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"किती दिवस झाले गं?"

"कशाला?"

"पट्ट्या लावत नाही तू, त्याला."

मी तीच मूठ पुन्हा पुसायला घेतली.

"येडी समजते का मला? तीन वर्षं तू माझ्या पाठीमागं आहे. मला पाठीला डोळे नसले म्हणून काय झालं, बूड तर त्याच बोटीत आहे ना!"

मला हसू यायला हवं होतं, रडू आलं. "ताई, मला नाही होत. पट्टी आवळली की छातीवर कुणीतरी बसतं. दोरी आहे, माहीत आहे मला. दहादा ओढून बघते. पण खाली गेल्यावर माझे हात माझे राहत नाहीत. मला दोरी सापडणार नाही."

"सापडेल."

"नाही सापडणार! त्या दिवशी नव्हतीच तिथं!"

 वाऱ्याने तिचे केस तोंडावर आले होते, ते तिने मागे नाही घेतले.

"सरांना सांगते मी," मी म्हटलं. "नाही उतरत आपण. वारा आहे म्हणून सांगू."

"सांग."

"तू नाही म्हणणार नाहीस?"

"नाही म्हणणार. तुझा जीव आहे, मी कोण नाही म्हणायची?" ती माझ्या हातातल्या वल्ह्याकडे बघत होती. "पण उतरायचं असेल तर पट्ट्या लावून उतर. सैल पायांनी उतरली आणि या लाटेत वल्हं अडकलं, तर सीटवरून उडून तूच बोट उलटवशील. मग आणखीच भ्या."

हे खरं होतं. म्हणूनच ते जास्त भयंकर होतं. पट्ट्या आवळल्या तर अडकून मरायचं, नाही आवळल्या तर बोट उलटायची. आणि उतरलोच नाही, तर रंजनाताईने पोरीला सासूकडे टाकून, ड्यूटी संपवून पहाटे धरण गाठून काढलेली तीन वर्षं पाण्यात जायची, तीही न भिजता. मी सरांना शोधायला म्हणून उठले आणि उठल्या जागी उभी राहिले.

तेवढ्यात आमचा पुकारा झाला. आम्ही बोट डोक्यावर घेतली, तरंगत्या धक्क्यावर नेली, पाण्यात सोडली. तपासणीचा एक बुटका, हसरा माणूस आला. त्याने बोटीच्या टोकाला बसवलेला रबरी चेंडू दाबून बघितला, वाकून आधी रंजनाताईच्या बुटांची दोरी ओढून बघितली, मग माझ्या. मान डोलावली आणि पुढच्या बोटीकडे गेला. धक्का लाटांवर वरखाली होत होता. माझं पोट त्याच्याबरोबर वरखाली झालं आणि मी तोंडावर हात धरून पळाले.

बोटी ठेवायच्या शेडमागे मी ओकले. पोटात काही नव्हतं, नुसतं आंबट पाणी. भिंतीला हात टेकून उभी होते आणि वाटत होतं, इथेच बसून राहावं. शोधत येतील, दोन शब्द बोलतील, विमानात बसवून घरी पाठवतील. कुणी मरणार नाही. मग मला रंजनाताईच्या मानेवरचे वळ आठवले. ती त्या दिवशी सुटल्यावर परत खाली आली होती. सुटलेल्या माणसाने परत खाली येणं म्हणजे काय, ते मला आता कळत होतं. मी तोंड पुसलं आणि परत गेले.

रंजनाताई धक्क्यावर पालथी पडून बोटीत हात घालून काहीतरी करत होती. मी जवळ गेले तशी उठून बसली.

"काय करते?"

"तुझी दोरी लांब केली."

"म्हणजे?"

"हे बघ." माझ्या बुटांच्या दोरीला तिने आणखी एक दोरी जोडली होती. ती बोटीच्या तळाने पुढे नेलेली, आणि तिचं टोक रंजनाताईच्या सीटखाली, सीट ज्यावर मागेपुढे सरकते त्या रुळाच्या कडेला कुठेतरी अडकवलेलं. माझे बूट तिच्या सीटच्या अगदी मागेच असतात. "टोक माझ्या हाताशी आहे. बोट कलली, नुसती कलली तरी, मी पहिलं काम हेच करणार. हात मागं न्यायचा आणि ओढायचं. तुला काही शोधायचं नाही, काही करायचं नाही. तुझे हात तुझे नाही राहिले तर माझे आहे ना."

"आणि तू विसरलीस तर?"

"नाही विसरणार."

"दोरी कुठून आणलीस?"

"सामानात होती. आता बसते का, का त्या जपानणींना सांगू थांबा म्हणून?"

मी बसले. पाय बुटात घातले. हात पट्टीपर्यंत गेले आणि तिथेच थिजले. रंजनाताई धक्क्यावर गुडघे टेकून खाली वाकली, लहान पोराला शाळेत पाठवताना घालतात तसे तिने माझे पाय बुटात नीट सारले आणि दोन्ही पट्ट्या स्वतःच्या हातांनी आवळल्या. माझा श्वास वर गेला तो खालीच येईना.

"माझ्याकडं बघ. दोरी कुणाकडं आहे?"

"तुझ्याकडं."

"मग झालं तर."

ती माझ्यासमोर येऊन बसली, माझ्याकडे पाठ करून, आणि मला पुन्हा ती ओळखीची पाठ दिसली. उजवा खांदा वर होता. चिऊला ताप असल्यासारखा. मला वाटलं, शर्यतीचं दडपण असेल.

सुरुवातीच्या रेषेवर बोटी धरून ठेवणं त्या वाऱ्यात मुश्कील झालं होतं. पंचांचा माणूस पुन्हापुन्हा नावं घेत होता. लाटा बाजूने येऊन बोटीच्या काठावर फुटत होत्या आणि पाणी माझ्या मांड्यांवर पडत होतं. कोरियातलं पाणी गंगापूरच्या पाण्यासारखं नव्हतं, ते चावत होतं. मग दिवा हिरवा झाला.

शर्यतीत हाक द्यायचं काम माझं. टोकाला बसणारी मान वळवून बघते, अंतर सांगते, कधी जोर लावायचा ते सांगते. त्या दिवशी माझ्या तोंडातून आवाजच फुटेना. मी नुसती तिच्या पाठीबरोबर पुढेमागे होत होते. पाय घट्ट, बोट घट्ट. उचकी नाही. कितीतरी महिन्यांनी बोट तशी पळत होती आणि मला त्याचा आनंद होत नव्हता, मी फक्त घोट्यांवरच्या पट्ट्या मोजत होते. एक, दोन. एक, दोन.

आमच्या खेळात ज्यांना मागे टाकलं ते समोर दिसतात, आणि जे पुढे गेले ते पाठीमागे असतात. मला समोर, रंजनाताईच्या डोक्यावरून, फक्त एक बोट दिसत होती. म्हणजे आम्ही पाचव्या. मग लाटेत ती दिसेनाशी झाली.

अर्ध्या वाटेवर एक मोठी लाट आडवी आली. माझं डावं वल्हं तिच्यात घुसलं आणि अडकलं. तेच वल्हं, तीच बाजू. मूठ माझ्या पोटात बसली, बोट डावीकडे झुकली, काठावरून पाणी आत आलं आणि मी किंचाळले.

"दोरी आहे!" रंजनाताई ओरडली.

मी वल्हं सोडलं नाही. दुसऱ्या हाताने जोर लावला, पायांनी बोटीला रेटलं. घट्ट पायांनीच ते जमलं, सैल असते तर मी तेव्हाच बाहेर फेकली गेले असते. बोट क्षणभर तशीच कलून राहिली आणि सरळ झाली.

"दोरी आहे! ओढ! दोरी आहे! ओढ!"

माझ्याऐवजी ती हाक देत होती. मान न वळवता, ऊर फुटेपर्यंत. बोटीत घोट्यापर्यंत पाणी झालं होतं, बूट त्यात बुडाले होते, आणि माझे पाय त्या बुडलेल्या बुटांत बांधलेले होते. माझ्या अंगातली सगळी भीती हातांत उतरली आणि मी ओढत राहिले. समोर आणखी एक बोट दिसायला लागली. मग तिसरी, अगदी बाजूला, तिच्यातल्या मुलीचं आ वासलेलं तोंड मला दिसलं. मग ते तोंडही जरा मागे गेलं.

शेवटच्या रेषेवर प्रत्येक बोट पार झाली की भोंगा वाजतो. एक वाजला. लगेच दुसरा. आम्ही ओढत होतो. तिसरा वाजला आणि मला कळेना तो कुणाचा. मी मान वळवली. पाण्यावर ओळीने बांधलेले पिवळे चेंडू संपले होते आणि रेषेपलीकडचे लाल चेंडू आमच्या बाजूने मागे जात होते. चौथा भोंगा त्यानंतर वाजला.

"ताई! तिसऱ्या! आपण तिसऱ्या!"

तिने वल्ही खाली टाकली आणि गुडघ्यांवर डोकं ठेवलं. तिची पाठ हलत होती. रडत होती की दम घेत होती ते मला त्या पाठीवरून पहिल्यांदाच कळलं नाही.

धक्क्याशी आलो तेव्हा धात्रक सर हात पाठीमागे बांधायचं विसरून नाचत होते. त्यांनी वल्ही धरून बोट धक्क्याला लावली. "तिसऱ्या! अगं पोरींनो, तिसऱ्या!" आणि ते झेंडा आणायला धावले. मी माझी दोरी स्वतःच ओढली. पट्ट्या खर्रकन सुटल्या आणि मी अनवाणी धक्क्यावर उडी मारली. पायाखाली लाकूड लागलं आणि मी जिवंत आहे हे मला एकदम पटलं. मी हसत सुटले.

रंजनाताई उतरत नव्हती.

"ये ना! काय बसून राह्यली?"

"येते. बूट सुटून नाही राह्यले."

ती वाकून पट्टीशी झटत होती. बोटं निळी पडली होती, वळत नव्हती. भिजून फुगलेली पट्टी तिच्या नखांतून सटकत होती.

"दोरी ओढ की!"

 ती पुन्हा पट्टीशी झटली. मी वाकले आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच तिच्या बुटांकडे नीट बघितलं. दोरी ओवायची भोकं रिकामी होती.

मी तिच्या सीटखाली हात घातला. रुळाच्या कडेला अडकवलेलं टोक बोटांना लागलं, आणि त्याच्यावर एक गुळगुळीत, गोल काहीतरी. बाहेर काढून बघायची गरज नव्हती तरी काढून बघितलं. लाल मणी.

मी मणी तिच्यासमोर धरला.  "तू तुझी दोरी काढलीस?"

"तुझी पुरत नव्हती माझ्या सीटपर्यंत."

"अर्ध्यात बोट कलली होती! उलटली असती तर?"

"तर तू सुटली असती."

"आणि तू?"

"मला हातांनी सोडता येतात."

ती हे म्हणत होती तेव्हाही तिचे हात पट्टीवरच होते. उजेडात, सरळ बसून, डोकं पाण्याच्या वर असताना तिला त्या सुटत नव्हत्या.

"चिऊ आहे घरी," मी ओरडले. "पाच वर्षांची पोर आहे तुझी! मी तिला काय सांगितलं असतं? तुला अक्कल आहे का, ताई? कुणी सांगितलं होतं तुला हे करायला?"

धक्क्यावरची माणसं वळून बघायला लागली. भाषा कळली नाही तरी भांडण कळतं. रंजनाताईने पट्टी सोडून दिली आणि हात मांडीवर ठेवले.

"जानेवारीत तुझी दोरी तुटली नव्हती, मोने."

मणी अजून माझ्या मुठीत होता.

"पुण्याहून निघताना ट्रकमध्ये वल्ही बांधायला दोरी कमी पडली. ड्रायव्हर घाई करत होता. मी तुझ्या बुटांची काढली. म्हटलं, नाशकात उतरवली की परत घालू." तिचा आवाज अगदी सपाट होता, पोलीस चौकीत बोलावा तसा. "आणि विसरले. सकाळी बोट पाण्यात सोडली तेव्हासुद्धा नाही आठवलं. तू खाली होती ना, मी वर आले होते, तेव्हा आठवलं."

वाऱ्याने झेंड्यांच्या दोऱ्या खांबांवर आपटत होत्या. लांबून सर झेंडा घेऊन येताना दिसत होते, वाटेत भेटेल त्याला हात मिळवत.

मला तिचा राग आला. खूप आला, लपवत नाही. त्या तीन महिन्यांत मी स्वतःच्या हातांवरचा विश्वास घालवून बसले होते. दोरी तिथे असणार आणि मलाच सापडली नसणार, असंही मला कधीकधी वाटायचं. ते सगळे दिवस ती माझ्यासमोर बसत होती, पाठ करून. आणि त्याच वेळी मला हेही दिसत होतं की बुटांची भोकं रिकामी ठेवून ती त्या लाटांत गेली होती, आणि सबंध वाट 'दोरी आहे' म्हणून ओरडत होती. दोन्ही खरं होतं. कुठलं धरायचं ते मला तेव्हा कळेना. आजही विचाराल तर पटकन सांगता येणार नाही.

मी बोटीत वाकले. माझीही बोटं बधिर होती, म्हणून पट्टीचं टोक दातांत धरलं आणि ओढलं. एक सुटली. मग दुसरी. तिचे पाय बाहेर काढले. पांढरेफटक, सुरकुतलेले, बर्फासारखे. तिने ते पोटाशी घेतले आणि आता मात्र ती सरळसरळ रडत होती.

सर पोचले. "अरे, रडताय काय? उठा! फोटो काढायचाय!"

"दोन मिनिटं, सर," मी म्हटलं.

मी दोन दोऱ्यांची गाठ सोडवली. ओली गाठ, तिलाही दातच लावावे लागले. मण्याची दोरी रंजनाताईच्या बुटांच्या भोकांतून ओवली, गाठ मारली आणि मणी टोकाला नीट बसवला. पट्ट्या लावून, हिसका देऊन बघितलं. दोन्ही एकदम सुटल्या.

मग उरलेली दोरी, माझी, तिच्या हातात दिली.

"आता माझी घाल," मी म्हटलं.

तिने नाक पुसलं, गुडघ्यांवर बसली आणि निळ्या बोटांनी, हळूहळू, माझ्या बुटांत ती ओवली. ओढून बघितली. पट्ट्या पुन्हा लावल्या आणि पुन्हा ओढून बघितली. सर झेंडा धरून ताटकळत उभे होते. तिने आणखी एकदा ओढून बघितली.